अण्णांचा दुसरा पडदा

अण्णा नागवेकरांनी मॉनिटरची केबल हातात घेतली, की घरातल्या सगळ्यांनी चपला काढायच्या असतात. केबल लॅपटॉपला जोडायची असते, मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करायची नसते, हे मला कळतं. तुम्हांलाही कळत असेल. अण्णांना हे अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि सांगायची आमच्या आळीत कोणाची प्राज्ञा नाही. चपला काढायच्या, टीव्ही बंद करायचा, गॅसवर काही असेल तर उतरवायचं आणि अण्णांच्या मागे हात जोडून उभं राहायचं. मग अण्णा केबलचं टोक वर धरतात, डोळे मिटतात आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालतात.

कोकणातलं गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. विहीर खणायची असो, होडी पाण्यात लोटायची असो की पोरीचं लग्न काढायचं असो, ते आधी ग्रामदेवाच्या कानावर घालावं लागतं. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा!' म्हणून दुजोरा द्यायचा. देवाला विचारल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही, तर मग मॉनिटर विजेत कसा जाईल, असा अण्णांचा सवाल असतो.

"बा देवा भैरी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बारा वाड्यांच्या धन्या, आज ह्या लेकीच्या घरात दुसरा पडदा लावतो हाय."

"व्हय म्हाराजा!"

"कुठं पिन वाकडी झाली असेल, करंट कमीजास्त झाला असेल, दुकानदारानं जुना माल नवा म्हणून दिला असेल, तर त्याचा तू बगून घे."

"व्हय म्हाराजा!"

"एकाचे दोन झाले तसे दोनाचे चार कर, नि सगळ्यांना सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यानंतर केबल आत जाते. पडदा उजळला तर देव पावला. नाही उजळला तर गाऱ्हाण्यात कोणाचं तरी नाव राहिलं.

अण्णा एका सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा सगळ्यांनी ते अण्णांच्या टेबलाकडे ढकलले, कारण अण्णांचं टेबल पंख्याखाली होतं. तेवढ्यावर अण्णा संगणकतज्ज्ञ झाले. पुढे कचेरीने जुने मॉनिटर भंगारात काढले तेव्हा त्यांतले बरेचसे अण्णांनी घरी आणले. त्यांच्या पडवीत अजूनही ते भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या मुलांसारखे ओळीने उभे आहेत. आळीत कोणाकडे लॅपटॉप आला असं कळलं, की अण्णा चहाच्या वेळेला येतात, लॅपटॉपकडे बघतात आणि दुखवट्याला आल्यासारखं विचारतात, "एकच पडदा?"

आपण हो म्हणतो.

"एका वल्ह्यानं होडी गोल गोल फिरते गो, बाय," असं म्हणून अण्णा मान हलवतात. संध्याकाळी पडवीतला एक मॉनिटर आपल्या दारात असतो.

अण्णांच्या खांद्याला एक जुनी कापडी पिशवी असते, तिच्यात सगळ्या केबली. त्यांची कंपन्यांनी ठेवलेली नावं अण्णांना मान्य नाहीत. जुन्या जाड केबलीला पिना असतात, म्हणून ती दातवाली. एचडीएमआय ती चपटी. एका बाजूचा कोपरा कापलेली असते ती कानकापी. आणि हल्लीची कशीही घुसणारी टाइप-सी, तिला ते उलटसुलट म्हणतात. तिच्यावर त्यांचा अजिबात विश्वास नाही. "जिला उलटा काय नि सुलटा काय समजत नाय, ती करंट तरी सुलटा नेईल कशावरून?"

मी मूळची साताऱ्याची. नोकरी पुण्यातल्या कंपनीत, सासर रत्नागिरीत. कंपनीने घरून काम करायला सांगितलं तेव्हा आम्ही बाडबिस्तरा घेऊन इथे आलो आणि पुन्हा गेलोच नाही. नवरा इथल्याच बँकेत लागला. मी दिवसभर लॅपटॉपच्या इवल्याशा पडद्यावर आकड्यांचे मोठमोठे तक्ते बघत डोळे फोडून घ्यायची. अण्णा आले, त्यांनी बघितलं, होडी गोल फिरवली आणि संध्याकाळी मॉनिटर घेऊन हजर झाले.

त्या दिवशी घरात मी आणि सासूबाई दोघीच. गंमत बघायला शेजारचे तावडेही आले होते. गाऱ्हाण्याला तेही मागे उभे राहिले, तर अण्णांनी त्यांना बाजूला काढलं. "तू कशाला? गाऱ्हाण्याला घरातला माणूस लागतो. काम ह्या घरचा, नि 'व्हय' म्हणायला शेजारी?" तावडे बिचारे पडवीत जाऊन बसले.

सासूबाईंना असल्या गोष्टींचा भारी उत्साह. त्यांचा 'व्हय म्हाराजा' समुद्रापर्यंत जाईल एवढा. मी मात्र लाजत पुटपुटले, "हो महाराजा." अण्णांनी एक डोळा उघडला.

"घाटावरच्या 'हो'ला देव जागा व्हायचा नाय. 'व्हय' म्हण, 'व्हय'!"

मी 'व्हय' म्हटलं. केबल आत गेली. पडद्यावर 'नो सिग्नल' अशी पाटी आली.

"बांधावरच्या देवाचं नाव राहिलं," सासूबाई म्हणाल्या.

"राहिला खरा," अण्णांनी मान्य केलं. केबल निघाली, पुन्हा गाऱ्हाणं झालं. बांधावरचा देव आला, विहिरीवरचा आला, नाक्यावरच्या पिंपळाखालचाही आला. पुन्हा 'नो सिग्नल'. गॅसवरून उतरवलेली आमटी एव्हाना थंडगार झाली होती. माझं डोकं मात्र तापायला लागलं. तिसऱ्या गाऱ्हाण्याला सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना मी मॉनिटरच्या मागे हात घातला आणि बटण दाबून त्याला दातवालीवरून चपटीवर आणलं. पडदा उजळला. सासूबाईंनी पिंपळाच्या दिशेने नमस्कार केला. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "बगितलास? मनापासून 'व्हय' म्हटलास, म्हणून झाला."

पण एवढ्यावर भागत नाही. दुसरा पडदा लावला, की लॅपटॉप विचारतो, त्यावर तेच चित्र पुन्हा दाखवू, की पहिलं चित्र पुढे वाढवू? डुप्लिकेट की एक्स्टेंड? हा प्रश्न लॅपटॉपने अण्णांना विचारू नये. अण्णांचा चेहरा लाल होतो.

"डुप्लिकेट? तेच तेच दोनदा बगायला काय येड लागला हाय? एका घरात दोन चुली, दोन्हीवर एकच कालवण! माणसाला देवानं दोन डोळे दिले ते काय एकाच ठिकाणी लावायला?" एक्स्टेंडच. आणि वाढवलेला पडदा समुद्राच्या बाजूलाच हवा, कारण नजरेला जायला जागा पाहिजे. आमच्या घरात समुद्राच्या बाजूला न्हाणीघर आहे. त्यामुळे गेली काही वर्षं माझे सगळे महत्त्वाचे तक्ते न्हाणीघराच्या भिंतीला टेकून असतात. आळीतल्या यच्चयावत माणसांच्या माउसचा बाण पश्चिमेलाच पळतो. बाहेरून कोणी पाहुणा येऊन आमच्या लॅपटॉपवर बसला तर त्याचा बाण हरवतो आणि तो खुळ्यासारखा शोधत राहतो.

अण्णांचा शेवटचा नियम सगळ्यांत कडक. एकदा लावलेली केबल काढायची नाही. काढली, घातली, काढली, घातली, की पोर्ट ढिला होतो, आणि ढिला पोर्ट म्हणजे हलणारा दात. मला एकदा मीटिंगसाठी लॅपटॉप घेऊन पुण्याला जावं लागलं. मी सकाळी रिक्षात बसतेय तोच अण्णा फाटकाशी.

"केबल काढलीस?"

"काढली अण्णा. नाहीतर नेणार कसा?"

"मॉनिटरपण न्यायचा होता. एस्टीत मांडीवर धरलेला कोणाला जड झालाय?"

मी हसले, आणि तेच चुकलं. पुण्याहून परत आले तर अण्णा माझ्याशी बोलेनात. चहाच्या वेळेला यायचे, सासूबाईंशी गप्पा मारायचे आणि माझ्या लॅपटॉपकडे बघून उसासा टाकून जायचे. शेवटी मी मोरी माशाचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, केलं आणि वाटी नेऊन दिली, तेव्हा कुठे समेट झाला.

आता खरी गोष्ट. साऱ्या आळीला दुसरा पडदा लावून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात दुसरा पडदा नव्हता.

नव्हता म्हणजे लावलेला नव्हता. होता तो माजघरात, खोक्यात, चिकटपट्टीसकट. चांगला मोठा, नवाकोरा. अण्णांची मुलगी मेघना कॅनडात असते, तिने तो आईसाठी पाठवला होता.

मेघनाची आई म्हणजे आमच्या काकू. काकूंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या माजघरातल्या खाटेला लागल्या. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्याआधी त्या अशा काही बोलायच्या, की भाजीवाली भाव सांगायच्या आधीच कमी करायची. आता नुसतं बघतात. नजरही अधू झालीय. मोबाइल समोर धरला तर त्यांना त्यात माणूस आहे की मांजर, ते उमगत नाही. आणि अण्णांचा लॅपटॉप नावाचाच लॅपटॉप. बिजागरी मोडलेली, बॅटरी मेलेली. तो ओटीवरच्या टेबलावर, पाठीला जांभ्या दगडाचा चिरा लावून टेकवलेला असतो. मांडीवर घेणं सोडाच, जागचा हलवला तरी बंद पडतो. म्हणजे लेक ओटीवर दिसायची आणि आई आत माजघरात. आत मोठा पडदा लागला असता तर आईला लेक दिसली असती. एवढी साधी गोष्ट.

पण खोकं काही उघडेना. आधी हवा दमट होती. मग विजा होत्या. मग पितृपक्ष. मग टेबलासाठी सुतार येणार होता, तो लग्नाच्या मंडपाच्या कामात अडकला. मग आंब्याचे दिवस आले, आणि आंब्याच्या दिवसांत रत्नागिरीत कोणी काही करत नाही हे मलाही मान्य आहे. हळूहळू खोक्यावर काकूंच्या औषधाच्या बाटल्या आल्या, पेपरांची रद्दी आली. एकदा तर मी त्यावर पिकायला ठेवलेला फणस बघितला.

"अण्णा, परदेशातून आलेल्या मॉनिटरवर फणस?"

"खोका मजबूत हाय," अण्णा म्हणाले आणि विषय बदलला.

अशात मेघनाला मुलगी झाली. बारशाच्या आठवड्यात मला तिचा फोन आला. ओल्या बाळंतिणीचा आवाज, त्यात रडवेला. "वहिनी, रविवारी बारसं आहे. तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळ असेल. मी एवढ्यात येऊ शकत नाही, आईला आणता येत नाही. तिला एकदा बाळ दिसू दे गं. बाबांना किती वेळा सांगितलं, ते ऐकतच नाहीत. त्यांच्या मनात काय आहे, काही कळत नाही. तू लावून घेशील?"

मी म्हटलं, लावते. न लावायला काय झालं? साऱ्या आळीचे पडदे लावणारा माणूस घरात बसलाय.

शनिवारी सकाळी मी गेले. अण्णा ओटीवर एक केबल पुसत होते. मी सरळ विषयाला हात घातला. अण्णा म्हणाले, उद्या बगू. मी म्हटलं, उद्याच बारसं आहे. अण्णा म्हणाले, चपटी लांबीला कमी पडेल. मी म्हटलं, लांबवाली मागवते. अण्णा म्हणाले, रविवारी करंट जातो. माझा पारा चढायला एवढं पुरतं.

"अण्णा, तुम्हांला लावायचा नसेल तर तसं सांगा. मी लावते. केबल घालायला काय अक्कल लागते? लहान पोरसुद्धा लावेल!"

असं बोलायला नको होतं. पण मला चीडच आली होती. आत ती बाई खाटेवर पडून भिंतीकडे बघतेय, तिकडे पोरगी रडतेय, आणि हा माणूस फणसाला पाट म्हणून मॉनिटर वापरतोय.

अण्णांनी केबल पिशवीत ठेवली. त्यांचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता.

"लावायला काय, कोण पण लावेल गो. पण 'व्हय' कोण म्हणणार?"

मला आधी कळलंच नाही.

"ह्या घरात पहिला कॉम्प्युटर आणला, तवा पडदा लागत नव्हता. मी मेटाकुटीला आलो. तेव्हा ही आतनं आली नि म्हणाली, गाऱ्हाणा घातलात काय? नाय घातलात, तर कसा लागेल? मग मी गाऱ्हाणा घातला नि ही 'व्हय म्हाराजा' म्हणाली. लागला. तवापासून ह्या घरात काय पण लावायचा झाला तर मी घालायचा नि हिनं 'व्हय' म्हणायचा. आता मी बोलेन नि पुढं कोणच बोलणार नाय. असा गाऱ्हाणा घालतात काय?"

"आम्ही म्हणू ना अण्णा. मी म्हणेन. सासूबाई म्हणतील."

"तुमी शेजारची. घरातला माणूस लागतो."

त्यांचाच नियम. तावड्यांना ज्या नियमाने पडवीत बसवलं होतं, तोच. आता तो मोडायचा कसा? मी साताऱ्याची, मला ह्यातलं काही कळत नाही. एखादं सॉफ्टवेअर अडलं असतं तर मी पुण्याला फोन केला असता. इथे मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदर खोचला. न्यायाधीश कोर्टात शिरतात तशा त्या अण्णांच्या ओटीवर गेल्या.

"अण्णा, घरातलं माणूस लागतं ना?"

"लागतो."

"मग आत खाटेवरची वैनी काय घराबाहेरची आहे?"

"तिला बोलता येत नाय."

"आमच्या माहेरी आजेसासऱ्यांचं बोलणं गेलं होतं. तरी गाऱ्हाण्याला त्यांना ओटीवर आणून बसवायचे. त्यांनी मनात म्हणायचं आणि बाकीच्यांनी त्यांच्या नावाने मोठ्याने म्हणायचं. देवाला चालत होतं. तुम्ही काय देवाच्या वरचे?"

आजेसासरे माहेरी कसे असतील, हा प्रश्न माझ्या मनात आला, पण मी तो तिथेच गिळला. कायद्याचा मुद्दा मान्य होत असताना तपशिलात शिरू नये.

"तिच्यासमोर घालावा लागेल," अण्णा म्हणाले.

"मग कुठे, नाक्यावर?" सासूबाई म्हणाल्या.

रविवारी संध्याकाळी मी आणि सासूबाई गेलो. मी लांबवाली केबल कुठून मागवायची याची काळजी करत होते. माजघरात अण्णांनी खोक्यावरचं सामान उतरवलं, खोकं बाजूला केलं, आणि मागे भिंतीत एक भोक दिसलं. भोकाला कागदाचा बोळा. अण्णांनी बोळा काढला आणि आतून एक केबल ओढली. तिच्या टोकाला जुन्या सुती साडीच्या चिंधीची टोपी बांधली होती, धूळ जाऊ नये म्हणून. ती केबल ओटीवरून, वाशांच्या कडेने, थेट माजघरापर्यंत कधीच आणून ठेवलेली होती. वाशांना खिळे मारून, छान ताणून. भिंतीवर मॉनिटरचा आकडाही ठोकलेला होता, काकूंच्या खाटेसमोर, त्यांची मान न वळवता नजर जाईल असा. त्याच्यावर दिनदर्शिका लटकत होती, म्हणून तो इतके दिवस कोणाला दिसला नव्हता. म्हणजे सगळं करून झालं होतं. फक्त टोक आत घालायचं राहिलं होतं.

मी खोक्याची चिकटपट्टी सोडवायला घेतली.

खोकं उघडलं. मॉनिटर आकड्यावर चढला. माझा मोबाइल काकूंच्या पायथ्याशी उभा केला, म्हणजे तिकडून मेघनाला आई दिसेल. सासूबाईंनी काकूंच्या पाठीला उशी दिली आणि केस विंचरून दिले. आम्ही चपला काढल्या. अण्णांनी केबलची टोपी सोडली, टोक वर धरलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिल्यांदाच मी त्यांचं गाऱ्हाणं इतकं हळू ऐकत होते.

"बा देवा भैरी म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघी.

"आज ह्या घरात दुसरा पडदा लावतो हाय."

"व्हय म्हाराजा!"

"लावायला उशीर झाला. चुकला असेल तर पदरात घे."

"व्हय म्हाराजा!"

"नात आली हाय. तिच्या आजीला ती दिसूंदे. एवढाच सांगणा हाय. दुसरा काय नको रे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" आम्ही थांबलो. अण्णांनी डोळे उघडले आणि टोक मॉनिटरकडे नेलं.

आणि खाटेवरून, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, घोगरं, ओबडधोबड, अर्धंमुर्धं काहीतरी आलं.

"...य ...राजा."

अण्णांचा हात तसाच हवेत. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. काकू समोरच्या काळ्या पडद्याकडे बघत होत्या. आपण काही विशेष केलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हतं. त्यांच्या कामात खंड पडला होता, तो त्यांनी पुढे चालू केला होता, बस.

"सगळ्यांचा झाल्यावर म्हणतेस होय?" अण्णा काकूंना म्हणाले. रागावल्यासारखं. मग त्यांनी केबल घालायचा प्रयत्न केला, तर ती जाईना. चपटी उलटी धरली होती. उभ्या आयुष्यात अण्णांनी चपटी उलटी धरली नसेल.

मी ओटीवर लॅपटॉपपाशी धावले. सवयीप्रमाणे एक्स्टेंड केलं. आतून अण्णांची हाक आली.

"नुसता निळा दिसतो हाय गो!"

"एक्स्टेंड केलंय अण्णा. थांबा, व्हिडिओची चौकट तिकडे सरकवते."

"नको, नको. डुप्लिकेट कर!"

"काय?" मी ओरडले.

"डुप्लिकेट, डुप्लिकेट! तितं जे दिसतंय ता सगळा तिला दिसूंदे!"

शेजारचे तावडे आपल्या पडवीतून उठून कुंपणाशी आल्याचं मला खिडकीतून दिसलं. अण्णांच्या तोंडून तो शब्द आळीने पहिल्यांदाच ऐकला होता.

बारसं झालं. समोरच्या पडद्यावर बाळाचं तोंड एवढं मोठं दिसत होतं, की जांभई दिली तर आतली टाळू दिसावी. नाव ईरा. सासूबाई म्हणाल्या, हे काय नाव, म्हणायला तोंड उघडावं तोवर संपलं. मेघना रडत होती, हसत होती, "आई, दिसतंय का गं?" विचारत होती. काकू काहीच म्हणाल्या नाहीत. पण त्यांनी डावा हात उचलला आणि हवेत, पाळण्याची दोरी धरल्यासारखा, पुढे-मागे केला. बारसं संपून पडदा निळा झाला तरी तो हात हलत होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, होतं असं कधीकधी. नवं बोलता येत नाही, पण जन्मभर तोंडात बसलेलं एखादं वाक्य आपोआप येतं. गाणं, पाढे, आरती. त्यात चमत्कार काही नाही. सासूबाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि परतीच्या वाटेवर नाक्यावरच्या पिंपळाला नारळ फोडला. मी खोबऱ्याचा तुकडा खाल्ला. वाद घालण्याइतकी मी आता घाटावरची राहिलेली नाही.

पुढच्या आठवड्यात अण्णांचा डबा परत द्यायला गेले. ओटीवर कोणी नव्हतं. माजघरात डोकावले तर अण्णा मॉनिटरसमोर उभे, आणि हातात केबलचं टोक. नुकतंच काढलेलं.

"अण्णा! केबल काढलीत?"

"काढली."

"बिघडलाय का मॉनिटर?"

"बिघडेल कशाला? चांगला चाललाय."

"मग? पुन्हा लावणार?"

"लावायचीच हाय. सकाळी पण लावली होती. काल दोनदा लावली."

"अहो, पोर्ट ढिला होईल की!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाटेकडे पाहिलं. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, केस विंचरलेले, नजर अण्णांच्या हातातल्या टोकावर.

"होऊंदे," अण्णा म्हणाले. "आलीच हायस, तर चपला काढ."

मी चपला काढल्या आणि हात जोडले. अण्णांनी टोक वर धरलं.

"बा देवा भैरी म्हाराजा..."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णांनी दुसऱ्या हाताने मला गप्प राहायची खूण केली. खाटेवरून 'व्हय' यायला थोडा वेळ लागतो. आम्ही थांबलो.